दुसऱ्या भोकाची गोष्ट



तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना घरातली मोठी माणसे एक भोक पाडून थांबत नाहीत. समोरच्या कोपऱ्यात दुसरेही पाडतात. एकाच भोकातून तेल गुडगुड करीत, थांबत थांबत पडते. जेवढे तेल बाहेर येते तेवढी हवा आत जायला हवी. दुसरे भोक पाडले की ती आत जाते आणि धार सलग पडते.

हा साधा नियम विसरला तर एखाद्या मुक्या जनावराच्या जिवावर बेतू शकते.

कुत्र्यासाठी बाजारात पोकळ रबरी खेळणी मिळतात. त्यात पोळीचे तुकडे किंवा दही-भात भरून दिला की कुत्रा तो चाटून चाटून खातो. भराभर गिळणे कमी होते, वेळही जातो. वस्तू उपयोगी आहे; पण तिला भोके किती, हे आधी पाहावे.

एकच भोक असेल तर काय होते? कुत्रा जीभ आत घालतो आणि चेंडू जबड्यात दाबतो. आतली हवा बाहेर पडते. दाब सुटताच रबर पूर्ववत होऊ पाहते. पण भोक जिभेने बंद झालेले असते. आतला दाब कमी होतो आणि जीभ आत ओढली जाते. भोकाच्या कडेने ती आवळते, रक्त परत फिरत नाही, जीभ सुजते आणि आणखीच अडकते. अमेरिकेत अशाच चेंडूत अडकलेल्या एका कुत्र्याची जीभ शेवटी कापावी लागली. २००८ साली तो चेंडू बाजारातून परत मागवण्यात आला.

उपाय किती सोपा! विरुद्ध बाजूला दुसरे भोक ठेवायचे. हवा आत येते आणि जीभ सुटते.

हे घरीही करून पाहता येईल. पाण्याची मऊ, रिकामी प्लॅस्टिकची बाटली दाबा, तोंडावर तळहात घट्ट ठेवा आणि दाब सोडा. बाटली हाताला चिकटेल. आता मोठ्यांच्या मदतीने तिच्या तळाला कर्कटकाच्या टोकाने भोक पाडा व पुन्हा करून पाहा. बाटली चिकटणार नाही.

पालकांनी खरेदी करताना एवढे पाहावे :

१. खेळण्याला दोन्ही बाजूंनी भोके असावीत.
२. ते कुत्र्याच्या घशात जाणार नाही एवढे मोठे असावे.
३. नखाने दाबल्यावर थोडे दबावे. फार कडक वस्तूने दात तुटतात.
४. खाणे भरताना दुसरे भोक बुजू देऊ नये. मधून शीतपेयाची नळी घालून भरावे व मग नळी काढून घ्यावी.
५. चॉकलेट, कांदा, द्राक्षे व बेदाणे त्यात कधीही घालू नयेत. ते कुत्र्याला विषारी आहेत.

जीभ अडकलीच तर ओढाओढ न करता लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

मित्रहो, कुत्र्याला "दुखतंय" असे सांगता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी वस्तू घडवणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्यानेही त्याच्या वतीने आधी विचार करायला हवा. आज घरी गेल्यावर आपल्या मोतीचे खेळणे हातात घ्या आणि भोके मोजा.