अचला, चला ना!

नवीन ऑफिस, पहिला दिवस आणि ठरलेला जोक : ‘अचला, चला ना जेवायला!’ नेहा, श्रेया, प्रियांका अशा स्मार्ट नावांच्या गर्दीत आपलं नाव म्हणजे एकदम ब्लॅक अँड व्हाइट जमाना. फार तर कुणाला अचला सचदेव आठवतात, १९६५ च्या ‘वक्त’मधली आई. योगायोग बघा, त्या सिनेमात तिचं कुटुंब विखुरतं ते भूकंपामुळे.

आणि आम्ही किल्लारीचे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, गाव गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात एसीसारखी गार वाटणारी तीच घरं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यात माझी कधीच न पाहिलेली ताई, वसुधा. पुढच्या वर्षी मी जन्मले. नाव ठेवलं आजोबांनी. ते शाळेत गुरुजी होते, घरची शेतीही बघायचे.

संस्कृतात ‘चल्’ म्हणजे हलणं. अचला म्हणजे न हलणारी. हिमाचल, विंध्याचलमधला ‘अचल’ म्हणजे डोंगर, तोही यातलाच. पण अमरकोशात अचला हे चक्क पृथ्वीचं नाव आहे! वसुधा, स्थिरा, सर्वंसहा यांच्याच रांगेतलं. शास्त्रज्ञसुद्धा दख्खनचं पठार स्थिरच मानायचे. भूकंपाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होतं. २००२ साली तो झोनच नकाशातून गेला.

मग जिने ताईला नेलं, तिचंच नाव मला का?

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला विचारलंच. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, ‘‘तुझे आजोबा म्हनायचे, जिमिनीवर रुसून शेतकऱ्याला चालतंय व्हय? तिला रोज नावानं हाक मारायची. म्हनायचं, बाई, आता हालू नको.’’

लहानपणी अंगणातून येणारी ‘अचलाऽऽ’ ही हाक एकट्या माझ्यासाठी नव्हती तर!

सुट्टीनंतर ऑफिसात पुन्हा तोच जोक झाला. मी हसले, डबा उचलला आणि निघाले.

तुमचं नाव कुणी ठेवलं आणि का? आज घरी फोन कराल तेव्हा विचाराच.