डिसेंबरात आखलेली बाग

परदेशी स्थायिक झालेली बारामती-इंदापूरकडची माणसं गावी येतात ती बहुतेक डिसेंबरात. मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी असते, कामावरून रजा मिळते. त्या दिवसांत नीरा डाव्या कालव्याला रब्बीचं आवर्तन असतं, विहिरींचं पाणी वर असतं, फडात ऊसतोड चालू असते, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते. ओट्यावर चहा घेऊन बसलेला माणूस समोरच्या मोकळ्या जागेकडे बघतो आणि त्याच्या मनात बाग उभी राहते. हिरवळ, फरसबंद पायवाट, कडेनं पामची झाडं, कोपऱ्यात कारंजं. पंधरा दिवसांत नकाशा होतो, उचल दिली जाते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंडळी विमानात बसतात. झाडांना मात्र मे महिना इथेच काढायचा असतो.

माझ्या थोरल्या भावाची बाग अशीच झाली. दादा आणि वहिनी टोरंटोजवळ राहतात. सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं वडिलोपार्जित घर आहे आणि पुढे सहा गुंठे मोकळी जागा. त्यातल्या दोन गुंठ्यांत हिरवळ लावून घेतली. काम नेटकं झालं होतं, मी रोज फोटो पाठवत होतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळचे सात, इथे दुपारचे साडेचार. मी फोन फिरवून दाखवला. हिरवळ कडेपासून आत पिवळी पडत चालली होती, आणि मधल्या सखल भागात, जिथे पाणी सगळ्यात जास्त दिलं होतं, तिथे मातीवर पांढरट साय धरली होती. बोटानं खरवडून जिभेला लावली. खारट आणि मागाहून कडवट. दादा म्हणाला, "खत जास्त झालं असेल." माझ्या मागे उभे असलेले चुलते म्हणाले, "खत नाही रे, मीठ वर आलंय."

हे मीठ जुनं आहे. बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणाचे तालुके. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्या परतीच्या पावसाचा. 1876-77च्या दुष्काळानं हा भाग होरपळला आणि त्यानंतर नीरा डावा कालवा झाला. 1885मध्ये त्याला पाणी आलं. पुरंदर तालुक्यातून निघून बारामतीतून इंदापुरात उतरणारा हा कालवा सुमारे 160 किलोमीटर लांबीचा. वर भाटघरचं धरण. पुढे 1920च्या दशकात ते नव्यानं मोठं बांधलं गेलं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, सासवडचे माळी कालव्याच्या मागोमाग खाली सरकले, गुऱ्हाळं लागली. आणि पाण्याबरोबर मीठही वर आलं.

काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं आणि त्याहून सावकाश निघून जातं. वर्षानुवर्षं भरपूर पाणी दिलं की जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढत जाते. ती मुळांच्या आसपास पोचली की उन्हाळ्यात पृष्ठभागावरून बाष्पीभवन होतं, खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर खेचलं जातं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पुढे त्यात सोडियमचं प्रमाण वाढलं की मातीचे कण विस्कटतात, जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की विटेसारखी टणक होते. तिला आपण चोपण म्हणतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली ती 1910 साली, म्हणजे कालवा सुरू होऊन जेमतेम 25 वर्षं झाली होती. पाणी बेताबेतानं आणि ठरलेल्या गटांना द्यावं म्हणून अभियंते विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली होती, तीही त्याच सुमाराची. पुढे 1932मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं आणि कालव्याखालच्या मातीचा अभ्यास तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालला.

एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना आपण बागेचा नकाशा काढतो तो कागदावर, वरून बघितल्यासारखा. मला वाटतं, इकडच्या बागेचा पहिला नकाशा खालून वर काढायला हवा: खाली काय आहे, कातळ किती खोलीवर, पाणी कुठे थबकतं. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र माळेगावला शारदानगरात आहे. तिथल्या प्रयोगशाळेत माती आणि पाणी दोन्ही तपासून मिळतं. दोन आकडे बघायचे, सामू आणि विद्युत वाहकता. सामू 8.5च्या वर असेल तर चोपणाची शंका घ्यावी. वाहकता मीटरला 4 डेसिसायमनच्या पुढे गेली असेल तर जमीन क्षारयुक्त. बोअरच्या पाण्याचीही तपासणी करावी, कारण अनेकदा माती बरी असते आणि पाणीच खारं असतं. परदेशात बसून लाखांची फरशी निवडणारी माणसं ही तपासणी का टाळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

मातीवरून घराकडे येतो, कारण बाग आणि घर यांचं इथे अंगचंच नातं आहे. आपल्या जुन्या बोलीत गावाची जमीन दोन प्रकारची: काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. गावठाण पांढरीवर वसायचं. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलअखेर आमच्या रानात पडलेल्या भेगेत माझा हात मनगटाच्या वर जातो. अशा जमिनीवर जुन्या माणसांनी भिंती उभारल्या नाहीत. आता गावठाणातली वाटणीची खोली सोडून प्रत्येकाला रानात बंगला हवा असतो, आणि रान म्हणजे काळी.

असा बंगला पक्का बांधता येतो. फुगणाऱ्या मातीसाठी तळाशी फुगवटा ठेवलेले खांब, म्हणजे अंडररीम पाया, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं कधीच विकसित केले आहेत. पण जुन्या, साध्या पायाच्या घराला नंतर बाग चिकटवली की घोटाळा होतो. भिंतीलगत फुलांचा वाफा केला, त्याला ठिबक लावलं, की घराच्या त्या बाजूची माती बारमाही ओली राहते. दुसऱ्या बाजूची वाळून आकसते. घर एका अंगाला उचललं जातं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मग दरवर्षी डिसेंबरात ती लांबी भरून रंगवली जाते आणि दरवर्षी मेमध्ये पुन्हा उघडते. वाफे भिंतीपासून दूर हवेत, घराभोवती बाहेर उतार असलेली तीन-चार फुटांची फरसबंदी हवी, छताच्या पन्हाळीचं पाणी पायाशी पडू नये. पेव्हर ब्लॉक थेट काळीवर बसवू नयेत. काळी खोदून काढून मुरूम भरून दाबला नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या लाटा होतात. कुंपणाच्या लांबलचक भिंतीला मधूनमधून सांधा सोडावा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. फेमा म्हणजे 1999चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा. त्याखाली अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला इथे घर किंवा बिगरशेती प्लॉट विकत घेता येतो. शेतजमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसानं आलेली जमीन ठेवता येते. त्यामुळे "रस्त्याकडेचं एकरभर घेऊन टाकू" असं ओट्यावर ठरवण्याआधी आपलं पारपत्र आणि त्या गटाचा सातबारा, दोन्ही समोर ठेवावेत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 बघावा लागतो आणि स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करायचं तर ते परदेशात भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल करून पाठवावं. इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. नेमका हाच मुद्दा लोक विसरतात. मुखत्यारपत्रात कामं मोजून लिहावीत: वीजजोडणी, बांधकाम परवानगी, ठेकेदाराशी करार. सरसकट अधिकार दिले की भाऊबंदकीला दार उघडतं, आणि एका बागेपायी बोलणं तुटलेली दोन घरं मी पाहिली आहेत. बारामती किंवा इंदापूर शहरात राहणाऱ्यानं झाडाला हात लावण्याआधी नगरपरिषदेची परवानगी घ्यावी. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021मध्ये सुधारणा झाली, आणि 50 वर्षांवरचं झाड आता हेरिटेज वृक्ष ठरतं. गाडी लावायला जागा हवी म्हणून आजोबांची चिंच पाडू नये. तिच्या सावलीतच गाडी लावावी.

आता हिरवळीचा हिशोब. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 101 लिटर. मे महिन्यातल्या उन्हात हिरवळ टवटवीत ठेवायची तर दिवसाला सहा मिलिमीटर तरी धरावं लागतं. म्हणजे दादाच्या दोन गुंठ्यांना रोज 1200 लिटर. उलट बाजूनं बघा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षभरात पडणाऱ्या 500 मिलिमीटर पावसातलं हाती लागणारं पाणी सदतीस हजार लिटरच्या आसपास भरतं. वर्षभराचा पाऊस जपून टाकीत साठवला तरी हिरवळ तो एका महिन्यात पिऊन टाकते. हे पाणी द्यायचं कधी, तर कालवा बंद, विहीर तळाला आणि शेतीच्या लाइनला वीज आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. गावातल्या बायका टँकरची वाट बघत असताना फाटकाआड तुषार सिंचन फिरत असेल तर ते घर गावाला आपलं वाटत नाही.

या मुलखालाही स्वतःची हिरवळ आहे. इंदापूरच्या कडबनवाडीला किंवा बारामतीच्या शिर्सुफळला वन विभागाच्या माळावर सप्टेंबरात जाऊन यावं. पवन्या, मारवेल, कुसळीची गवतं गुडघ्याएवढी वाढलेली, त्यात चिंकारा. तेच गवत जानेवारीत सोन्यासारखं पिवळं होतं, मेमध्ये करडं, आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा फुटतं. ते मेलेलं नसतं. मारवेलीची ठोंबं बांधावरून आणून लावली की एक पैसा लागत नाही. वर्षातले पाच-सहा महिने अंगण पिवळं दिसणार हे मात्र मनानं मान्य करावं लागतं. टोरंटोचं अंगणही हिवाळ्यात बर्फाखाली जातं आणि तिथे दादाला त्यात काही वावगं वाटत नाही.

झाडांची निवडही जमिनीकडूनच व्हायला हवी. खारवटपणा थोडाफार असेल तर चिकू, नारळ, आवळा, बोर, करंज, कडुनिंब टिकतात; आंबा आणि लिंबू पानांच्या कडा जाळून घेतात. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासं होतं, म्हणून जास्वंदीची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तिथे नुसतं पाणी वाढवलं तर ती आणखी पिवळी पडतात. मुरमाड माळावर घर असेल त्यानं खचून जाऊ नये. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची जागाच तशी होती. 2009मध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हा तिथे उघडा कातळ आणि मुरूम होता. त्यात चर आणि खड्डे फोडून, मुरूम-मातीचं मिश्रण भरून डाळिंब, पेरू, चिकूच्या बागा उभ्या केल्या आहेत. देवचाफा, बहावा, कांचन, सीताफळ, बोगनवेल, कण्हेर ही तर माळाची लेकरंच. कण्हेर विषारी आहे, लहान मुलं-जनावरं असतील तर ती बाहेरच्या कडेला लावावी.

आच्छादनासाठी नारळाच्या शेंड्यांचे गठ्ठे शहरातून मागवणारे बघितले की मला उसाचं पाचट आठवतं. फडाफडात ते जाळलं जातं. झाडाच्या आळ्यात वीतभर पाचट अंथरलं की मातीचा ओलावा राहतो, ऊन थेट पडत नाही म्हणून मीठही कमी वर चढतं. साखर कारखान्याची मळी कुजवून घातली तर उत्तमच. ठिबकला बारीक जाळीची गाळणी हवी आणि ती आठवड्याला धुणारा माणूस हवा. फोनवरून चालू-बंद होणारे व्हॉल्व्ह आता मिळतात, पण तुंबलेला ड्रिपर त्यांना दिसत नाही. तो चुलत्यांना दिसतो, कारण ते सकाळी वाकून प्रत्येक आळ्यात बोट घालतात. त्या माणसाचा महिन्याचा पगार नकाशाच्या पहिल्या ओळीत लिहावा. बाग आखणाऱ्याला एकरकमी पैसे आणि राखणाऱ्याला दिवाळीला शर्टपीस, असा व्यवहार मी पुष्कळ ठिकाणी बघितला आहे आणि त्या बागा आता नाहीत.

गेल्या वर्षी मी दादाला हट्टानं मेमध्ये बोलावलं. वहिनी नको म्हणत होत्या, तरी आल्या. दुपारी दोन वाजता डोक्याला पंचा गुंडाळून दादा अंगणात उभा राहिला. घराची सावली जिथपर्यंत पोचत होती तिथे त्यानं फक्कीनं रेघ मारली, पुन्हा चार वाजता दुसरी. सावलीच्या पट्ट्यात बसायची जागा ठरली. कारंज्याची जागा रांजणाला मिळाली. हिरवळ काढून टाकली, सखल भागातून ओढ्याकडे चर घेतला.

चिकूसाठी तीन फुटांचा खड्डा खणला तेव्हा चुलत्यांनी रोप लावू दिलं नाही. संध्याकाळी खड्डा काठोकाठ पाण्यानं भरायला लावला. सकाळी चहाच्या आधी आम्ही तिघं बघायला गेलो. पाणी अजून चार बोटं शिल्लक होतं आणि काठावर पांढरी रेघ उमटली होती. दादा काही बोलला नाही. त्यानं कुदळ उचलली आणि पंधरा पावलं वर, जिथे माती मुरमाला मिळते तिथे, नवा खड्डा खणायला घेतला.