फोनमधले फोटो घरच्या संगणकावर

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो गेले. सासूबाई आता नाहीत. ती चुटपुट अजून जात नाही. तेव्हापासून देवळाली प्रवराच्या आमच्या घरी नेमच केलाय: दर रविवारी फोटो संगणकावर उतरवायचे.

केबल असेल तर उत्तमच. नसेल तर इंटरनेटवरच्या कोठीत फोटो ठेवायचे आणि संगणकावर तेच खाते उघडून उतरवून घ्यायचे. कोठी निवडताना फुकट जागा किती, ते आधी पाहावे. गूगल १५ जीबी देते, पण ईमेलही त्यातच आणि जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात. वनड्राइव्ह व आयक्लाउड ५, तर ड्रॉपबॉक्स २ जीबी. अँड्रॉइड फोनवालीला गूगलच सोयीचे.

एक मात्र सांभाळा हं! गूगल फोटोजमध्ये फोटो पुसला, की फोनमधून जातो तसा कोठीतूनही जातो. म्हणून संगणकावर उतरल्याची खात्री झाल्याशिवाय काही पुसू नका. शिवाय दोन वर्षे खाते वापरलेच नाही, तर गूगल ते काढूनही टाकू शकते. घातलेले लोणचे मधूनमधून पाहतो ना आपण? तसेच हे!