लेकीसाठी शर्यतीची सायकल घेताना

मैत्रिणींनो, लेक जर एके दिवशी म्हणाली, "आई, मला डोंगरातल्या सायकल-शर्यतीत उतरायचंय," तर दचकू नका. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये ही 'क्रॉस-कंट्री' शर्यत पहिल्यांदा आली, तेव्हाच पुरुषांबरोबर स्त्रियांचीही झाली. इटलीच्या पाओला पेझोने सुवर्णपदक पटकावलं. तेव्हा खेळ मुलींचा आहेच. प्रश्न उरतो सायकलीचा आणि आपल्या पर्सचा!

दुकानात पुढे-मागे शॉकअप लावलेल्या स्वस्त सायकली भुरळ घालतात. त्या टाळाव्यात. स्वस्तातला मागचा शॉकअप म्हणजे नुसतं वजन; चढावर पायडल मारायची काही ताकद त्यातच जिरते. फक्त पुढे शॉकअप असलेली 'हार्डटेल' बरी. फ्रेम अॅल्युमिनियमची घ्यावी. ती गंजत नाही, साध्या लोखंडी फ्रेमपेक्षा हलकी असते आणि कार्बनच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते.

माप : वाढत्या अंगाची म्हणून आपण फ्रॉक सैल शिवतो, तसं इथे बिलकूल करू नये. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर दांडीच्या वर निदान दोन इंच जागा मोकळी राहिली पाहिजे.

शॉकअप : १०० मिलिमीटरचा पुरे. स्प्रिंगचा स्वस्त शॉकअप हलक्या मुलीच्या वजनाने धड दबतही नाही. हवेचा मिळाला, तर तिच्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. चढासाठी तो बंद करायची सोयही असावी.

ब्रेक : तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क. लहान हाताला एका बोटाने लागतात. उतारावर याचं मोल कळतं.

पैसे बेताचे असतील तर आधी चांगली फ्रेम पाहा. हेड-ट्यूब 'टेपर्ड' असली, तर पुढेमागे चांगला शॉकअप बसवता येतो. टायर, सीट, पायडल सवडीने बदलता येतात.

जुनी सायकल घेणार असाल, तर फ्रेमचे सांधे उजेडात नीट न्याहाळा. बारीकशी चीर दिसली तरी नको म्हणा. अॅल्युमिनियमला वेल्डिंगवाल्याकडून डाग देऊन पूर्वीची ताकद येत नाही, आणि उतारावर सांधा सुटला तर जिवाशी खेळ.

हेल्मेटचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा, बरं का! आणि दुकानात लेकीला बरोबर न्या. ती सायकलवर बसून, दोन फेऱ्या मारून आल्याशिवाय पैसे मोजू नका.