साडेसातची आरती, साडेआठची मालिका

गुरुवारी सकाळी वाहिनीच्या कार्यालयात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. ‘बार्क’चे प्रेक्षकसंख्येचे आकडे यायचे असतात. त्यांचा आठवडा शनिवार ते शुक्रवार. म्हणजे आज कळणार ते मागच्या शुक्रवारपर्यंतचं.

एका मराठी वाहिनीच्या शेड्युलिंग विभागात मी काही वर्षं काम केलं. समोर कायम एफपीसी, म्हणजे फिक्स्ड पॉइंट चार्ट उघडा असायचा. आडवे सात वार, उभे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. चौकोनात मालिकेचं नाव भरलं की काम झालं, असं बाहेरून वाटतं. खरी झटापट चौकोनांच्या कडांवर चालते. साडेआठची मालिका आठ अठ्ठावीसलाच सुरू करायची. शेजारच्या वाहिनीवर ब्रेक लागला आणि कुणी रिमोट उचलला, तर आमच्याकडे गोष्ट सुरू झालेली दिसावी. आधीची मालिका संपली की जाहिरात न दाखवता थेट पुढचीचा पहिला प्रसंग. तासाला १२ मिनिटं जाहिराती, त्यातली २ स्वतःच्या प्रोमोंची, अशी नियमाची मर्यादा. मिनिटं वाढवता येत नाहीत, फक्त इकडची तिकडे सरकवता येतात.

आणि सरकवायची ती घराच्या घड्याळाकडे बघून. गणपतीत साडेसातला आरती असते, आयपीएलचा सामनाही साडेसातचाच. मग लग्न मोडण्याचा किंवा गुपित फुटण्याचा प्रसंग आम्ही साडेआठच्या मालिकेकडे सोपवायचो. सातची मालिका भाजी चिरताना पाहिली जाते, कित्येकदा नुसती ऐकली जाते. तिथे संवाद स्पष्ट हवेत. साडेनऊनंतर भांडी आवरलेली असतात, घरातले पुरुषही टीव्हीसमोर येतात. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४मध्ये सोमवार-मंगळवारी साडेनऊला आलं, ती वेळ मला आजही अचूक वाटते. दिवसभराचा शीण घेऊन बसलेल्या घराला त्या वेळी हसायचंच असतं.

विनोदी कार्यक्रमाचा मोठा आधार म्हणजे त्याला कालचा भाग आठवावा लागत नाही. स्किट सुटं असतं. दुपारी जेवताना लावा, रविवारी तीन जोडून लावा, ते चालतं. मार्च २०२०मध्ये करोनामुळे चित्रीकरणं थांबली, मालिकांचे तयार भाग भराभर संपले, तेव्हा जुन्या विनोदी भागांनी आमचे किती चौकोन भरले ते मी विसरणार नाही.

मालिकेची वेळ बदलणं मात्र जिवावर येतं. ‘आई कुठे काय करते’ मार्च २०२४मध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली, तेव्हा मला आमचाच एक गुरुवार आठवला. सातची मालिका घसरत होती, म्हणून मी तिला दुपारी एकला नेलं. दुसऱ्याच आठवड्यात एका बाईंचा फोन जोडून दिला गेला. त्या लोकांकडे पोळ्या करायच्या.

“दादा, दुपारी मी चार घरी असते. सातला घरी येऊन टेकते तेवढीच माझी वेळ.”

रात्री अकराला पुन्हा दाखवतो, म्हणालो.

“पहाटे पाचला उठते हो मी.”

समोर चार्ट उघडा होता. सातच्या चौकोनात नव्या मालिकेचं नाव टाइप झालेलं होतं. मी अर्धा अर्धा तास करत सगळा आठवडा खाली उतरत गेलो. त्या फोनवर थांबल्या होत्या.