तळापर्यंत कळणारी यंत्रं

झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२ सालचा ब्रिटिश घरगुती संगणक आज कुणालाही एक पैसा न मोजता चालवून पाहता येतो. त्याची तंतोतंत नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे आणि ते साध्या मोबाइलवरही चालतं. त्या काळी निघालेले हजारो गेम हौशी मंडळींनी कॅसेटवरून उतरवून जपून ठेवले आहेत. तरीही मूळ यंत्राला गिऱ्हाईक आहे. बंद पडलेला, रबरी बटणं झिजलेला स्पेक्ट्रमसुद्धा विकला जातो आणि घेणारा तो टेबलावर उघडून रात्र रात्र बसतो. गेमच खेळायचे तर एवढा खटाटोप कशासाठी, असं घरच्यांनी विचारलं तर ते रास्तच म्हणायला हवं.

यावर बालपणाची ओढ हे उत्तर तयार असतं आणि त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये ज्यांनी दहा-बारा वर्षांचे असताना हे यंत्र वाढदिवसाला मागून घेतलं, ते आता पन्नाशीत आहेत. हातात थोडा पैसा आहे, मुलं मोठी झाली आहेत. पण बालपण तर व्हीसीआरच्या आणि टेपरेकॉर्डरच्या आठवणींतही असतं; त्यांच्याभोवती एवढी माणसं सोल्डरिंग आयर्न घेऊन गोळा झालेली दिसत नाहीत. मला वाटतं, या संगणकांमध्ये वेगळंच काहीतरी होतं. एका सामान्य, जिद्दी माणसाला तळापर्यंत कळू शकतील असे ते संगणक होते. त्यांच्यानंतर घराघरांत जे आले, त्यांच्याबद्दल असं म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये ही लाट उठली ती किमतीमुळे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये झेडएक्स ८० हा संगणक शंभर पौंडांच्या आत बाजारात आणला. पुढच्या वर्षी आलेला झेडएक्स ८१ तयार घेतला तर ६९.९५ पौंडांना आणि सुटे भाग घेऊन घरी जोडला तर ४९.९५ पौंडांना मिळे. त्याची मेमरी फक्त १ केबी होती. २३ एप्रिल १९८२ रोजी रंगीत स्पेक्ट्रम जाहीर झाला : १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. त्याच सुमारास बीबीसीने लोकांना संगणकसाक्षर करण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला होता. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून तिने बीबीसी मायक्रो बनवून घेतला आणि दूरचित्रवाणीवर त्याची मालिका दाखवली. हा संगणक महाग होता, मॉडेल बी ३३५ पौंडांना, पण बांधणी भक्कम आणि बटणं खरीखुरी. तो शाळाशाळांत गेला, तर स्पेक्ट्रम बैठकीच्या खोलीत टीव्हीला जोडला गेला. अमेरिकेत कमोडोर ६४ होता. त्याच्या ध्वनीच्या चिपवर आजही संगीत रचलं जातं.

स्पेक्ट्रम सुरू केला की पांढऱ्या पडद्याच्या तळाशी स्वामित्वहक्काची एक ओळ येई. एखादं बटण दाबलं की तिथे लुकलुकणारं एक अक्षर दिसे आणि यंत्र आज्ञेची वाट बघत थांबे. चित्रं नाहीत, मेनू नाही. ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे, ‘जे’ दाबलं की ‘लोड’. म्हणजे संगणक वापरायचा तर बेसिक भाषेतली एखादी तरी आज्ञा देणं भागच होतं. गेम लावणाऱ्या मुलाच्याही हातून नकळत ती दिली जाई. सोबत स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेली पुस्तिका मिळे. तिच्यात सुरुवातीपासून प्रोग्रॅम लिहायला शिकवलेलं होतं. मासिकांत गेमचे प्रोग्रॅम छापून येत. मुलं ते ओळीओळीने टाइप करत, छपाईतली चूक शोधून काढत आणि त्या शोधण्यातच प्रोग्रॅमिंग शिकत.

कॅसेटवरून गेम चढताना काय होई, ते जवळून पाहण्यासारखं आहे. टेप सुरू केली की आधी एक सलग, किंचाळता सूर येई आणि पडद्याच्या कडांवर लाल-आकाशी रुंद पट्टे सरकू लागत. मग सुराची खरखर होई, पट्टे निळे-पिवळे आणि बारीक होत. तीच माहिती, सेकंदाला साधारण दीड हजार बिट्स या वेगाने येणारी. सुरुवातीचं चित्र वरून खाली सरळ उमटत नसे. पडद्याचे तीन आडवे भाग होते. आधी वरच्या भागातल्या आठही अक्षर-ओळींची फक्त सर्वांत वरची रेघ येई, मग प्रत्येकीची दुसरी, मग तिसरी. असे तिन्ही भाग भरले की शेवटी ७६८ चौकोनांत झपाट्याने रंग उतरत. पडद्याच्या मेमरीची मांडणीच तशी होती, आणि ती मांडणी कुठलंही पुस्तक न उघडता मुलांना डोळ्यांनी दिसत होती. मेमरी वाचवण्यासाठी प्रत्येक चौकोनात दोनच रंगांना परवानगी होती. त्यामुळे गेममधला माणूस भिंतीजवळून गेला की भिंतीचा रंग त्याच्या अंगाला लागे. ‘मॅनिक मायनर’ (१९८३) लिहिणारा मॅथ्यू स्मिथ तेव्हा विशीच्याही आत होता. अशा मर्यादांशी झुंजत त्याने आणि त्याच्यासारख्यांनी घरातल्या खोलीत बसून हा सगळा खेळ उभा केला.

तळापर्यंत कळण्याबद्दल मी जे म्हणतो, त्याला एक पुरावाच देता येईल. स्पेक्ट्रमची सगळी अंगभूत बुद्धी १६ केबीच्या एका रॉममध्ये होती. १९८३ साली इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी त्या रॉममधली एकूण एक सूचना टिपणांसह पुस्तकरूपाने छापली. म्हणजे यंत्राच्या मनात जे काही चालतं ते सगळं एका पुस्तकात मावलं आणि ते पुस्तक शाळकरी मुलांनी वाचलं. आजच्या फोनबद्दल असं पुस्तक कुणी लिहायला घेतलं तरी ते पुरं होणार नाही.

हे नुसतं जुन्याचं कौतुक नाही, हे केंब्रिजनेच दाखवून दिलं. एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम प्रोसेसर आखला. विल्सन यांनी त्याची आज्ञावली बीबीसी मायक्रोवर, बेसिकमध्ये लिहून तपासली. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप चालली. आज जगभरातल्या बहुतेक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचे प्रोसेसर आहेत. पुढे संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी लहानपणी प्रोग्रॅमिंग केलेलंच नसतं, हे केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या एबन अप्टन यांना जाणवलं. त्यातून २०१२ साली रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक आला. त्याच्या मॉडेलांची ‘ए’ आणि ‘बी’ ही नावं मुद्दाम बीबीसी मायक्रोवरून घेतली आहेत.

आपल्याकडे ही आठवण वेगळ्या चवीची आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि पहिल्या टप्प्यात अडीचशेच्या आसपास शाळांना बीबीसी मायक्रो दिले. परवान्यावर बनवलेला स्पेक्ट्रम प्लस ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’ने भारतात विकला. पण घरी संगणक असणं ही मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. चपला बाहेर काढून शाळेतल्या संगणकाच्या खोलीत जायचं, एका यंत्रापुढे तिघाचौघांनी बसायचं आणि आपली पाळी येईपर्यंत तास संपायचा, अशी अनेकांची आठवण आहे. घरी जाऊन वहीत प्रोग्रॅम लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात तो चालतो का ते पाहायचं. ज्यांना तेव्हा दहा मिनिटंच मिळाली, त्यांच्यातले काही आता हे यंत्र शोधतात. त्यांची ओढ मला ब्रिटिश संग्राहकाहून जास्त तीव्र वाटते. त्याला हरवलेलं परत हवं असतं, यांना तेव्हा अर्धवट राहिलेलं शिकणं पुरं करायचं असतं.

संग्राहकांतही दोन जाती आहेत. एक जण सीलबंद खोकं घेतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. अशा बाजारात किमती प्रचंड चढू शकतात : अ‍ॅपलचा पहिला संगणक १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला होता, सुमारे दोनशेच बनले, आणि २०१४ साली त्यातला एक ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. तो हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतला, म्हणजे लोकांना पाहायला तरी मिळतो. खासगी कपाटातल्या बंद खोक्याबद्दल मात्र मला आस्था वाटत नाही. जे यंत्र सुरू होताच माणसाकडून काहीतरी मागत होतं, ते न उघडता ठेवण्यात त्याचं सगळं सत्त्व जातं.

दुसरी जात दुरुस्ती करणाऱ्यांची. स्पेक्ट्रम उघडला की पहिल्यांदा हाताला लागते ती बटणांखालच्या प्लॅस्टिकच्या पडद्याची पट्टी. चाळीस वर्षांत ती इतकी कडक होते की सॉकेटमधून काढताना हमखास तुटते. नवी पट्टी आता बनवून मिळते. मग मेमरी. खालच्या १६ केबीच्या आठ चिपांना ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट असे तीन दाब लागतात. त्यांतले १२ आणि उणे ५ व्होल्टचे दाब तयार करणाऱ्या सर्किटमधला एक ट्रान्झिस्टर गेला की चिपाही जाऊ शकतात आणि पडद्यावर नुसते उभे पट्टे दिसतात. वरच्या ३२ केबीची गोष्ट तर सिंक्लेअरच्या काटकसरीची साक्षच आहे : तिथे ६४ किलोबिटच्या अशा चिपा वापरल्या, ज्यांचा एक अर्धा भाग सदोष निघाला होता. चांगला अर्धा कोणता, हे बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने ठरवलेलं असतं. चिप बदलणाऱ्याने ती तार आधी बघायची असते. साधे कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता येतात. फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही मुख्य चिप मात्र आता कुणी बनवत नाही. हौशी अभियंत्यांनी तिचं अंतरंग उलगडून नव्या चिपांवर तिचा पर्याय तयार केला आहे. असा पर्याय बसवला तर यंत्र ‘अस्सल’ उरतं का, यावर वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे : पर्याय बसवावा, जुनी चिप डबीत जपावी आणि यंत्र चालतं ठेवावं.

कमोडोर किंवा बीबीसी मायक्रोचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं. पण पिवळेपणा पुष्कळदा परत येतो, आणि त्या पिवळेपणाने यंत्राचं काही अडत नाही.

तुमच्या माळ्यावर यातलं एखादं यंत्र असेल, तर ते काढून लगेच प्लग लावू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये पारदर्शक पिवळ्या वेष्टनाचे कपॅसिटर असू शकतात. त्यांना कालांतराने तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि वीज दिल्यावर ते फुटून खोलीभर धूर होतो. ते आधी जाणकाराकडून बदलून घ्यावेत. कमोडोर ६४ चा जुना जड अ‍ॅडॉप्टर बिघडला की ५ व्होल्टऐवजी जास्त दाब सोडतो आणि मेमरीच्या चिपा जाळतो. तो मीटरने तपासावा, किंवा सरळ नवा घ्यावा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण त्याच्या प्लगच्या मधल्या टोकाला ऋण ध्रुव असतो, आणि घरातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत नेमकं उलट असतं. कॅसेट सापडल्या तर आधी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा, टेप एकदा पुढे-मागे गुंडाळा आणि मगच वाजवा. पहिल्याच वेळी आवाज संगणकावर किंवा फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण दुसऱ्या वेळेपर्यंत पट्टीवरचं चुंबकीय लेपण टिकेलच असं नाही. त्या कॅसेटवर विकतचा गेम असेल तर तो कुणीतरी आधीच जपलेला असण्याची शक्यता आहे. स्वतः तुम्ही किंवा तुमच्या भावाने लिहिलेला प्रोग्रॅम असेल, तर त्याची ती एकच प्रत आहे.