वेधशाळा हलवणारे नानाभाई मूस



शाळेच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाजवळ आपला पर्जन्यमापक आहे, हे सर्वांना माहीत आहेच. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत लिहायचे काम यंदा माझ्याकडे आहे. रविवारीसुद्धा जावे लागते. ही वही अकरा वर्षांपासून चालू आहे. पहिल्या पानावर ज्या ताईचे अक्षर आहे, ती आता लग्न होऊन औशाला नांदते.

दिवाळीनंतर त्या कोपऱ्यात नवीन खोली बांधणार आहेत. म्हणजे पर्जन्यमापक हलवावा लागणार. मी म्हणालो, "गुरुजी, उचलायचा आन् झेंड्याच्या खांबाकडं ठेवायचा. त्यात काय एवढं?" गुरुजी हसले व म्हणाले, "अगोदर नानाभाई मूस कोण होते ते वाचून ये. मग हलव." म्हणून मी वाचले, आणि जे समजले ते येथे लिहीत आहे.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात ते इंजिनिअर झाले. (तेच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले.) नंतर ते बोटीने स्कॉटलंडला गेले. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारा जेम्स वॅट याच देशाचा. तेथील एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी त्यांनी मिळवली. म्हणजे ते इंजिनिअरही होते आणि पदार्थविज्ञानाचे पंडितही. पुढे दोन्ही विद्या त्यांना एकाच कामात लागल्या.

ते काम होते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे. ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बांधली. 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. त्यांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते, हे मला माहीत नव्हते. १८९६ साली मूस साहेब वेधशाळेचे संचालक झाले. त्या कायम पदावर नेमलेले ते पहिले भारतीय. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि अशा जागांवर साहेबच बसत, हे लक्षात घ्या.

आता वेधशाळेत मोजायचे काय? पाऊस, वारा, हवेचा दाब हे तर होतेच. पण मुख्य काम होते पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याचे. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते, कारण पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे. आपल्याला वाटते, सुई एकदा थांबली की थांबली. तसे नाही. ती दिवसभर अगदी थोडी थोडी सरकत असते, इतकी थोडी की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वेधशाळेत काय करीत, तर एक चुंबक दोऱ्यासारख्या बारीक तंतूला टांगीत आणि त्याला छोटा आरसा चिकटवीत. आरशावर दिव्याचा प्रकाश पाडला की कवडसा लांबच्या कागदावर पडतो. चुंबक केसभर वळला तरी कवडसा बराच सरकतो. तो कागद फोटोचा असतो आणि घड्याळाच्या यंत्राने हळूहळू फिरत असतो. त्यामुळे रात्रंदिवस आपोआप रेघ उमटते. खिशातला आरसा उन्हात धरून भिंतीवर कवडसा नाचवायचा खेळ आपण खेळतोच की. (वर्गात खेळू नये.)

कुलाब्याला हे १८४१ पासून मोजत होते. आधी तर माणसेच डोळ्यांनी पाहून ठरलेल्या वेळी आकडा लिहीत. २ सप्टेंबर १८५९ रोजी ते असेच लिहीत असताना एकदम फार मोठा फरक पडला. आदल्या दिवशी सूर्यावर मोठा स्फोट झालेला इंग्लंडमध्ये एकाने दुर्बिणीतून पाहिला होता. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. याला चुंबकीय वादळ म्हणतात. गंमत म्हणजे मूस साहेब त्याच साली जन्मले! २००३ साली शास्त्रज्ञांनी कुलाब्याचे ते जुने आकडे पुन्हा काढून अभ्यासले आणि वादळ केवढे होते ते सांगितले. म्हणजे एकशे चव्वेचाळीस वर्षांनी वही कामाला आली. ज्याने त्या दिवशी आकडा लिहिला, त्याला हे काय ठाऊक!

आता हलवाहलवीची गोष्ट सांगतो. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. १९०० च्या सुमारास ती विजेवर चालवायचे ठरू लागले. लोकांना आनंद झाला असेल, पण वेधशाळेवर संकट आले. जेथून वीज वाहते तेथे भोवती चुंबकत्व तयार होते. ट्रामची वीज रुळांतून परत जाते आणि थोडी जमिनीतही झिरपते. मग कवडसा हलला तर तो पृथ्वीमुळे हलला की ट्राममुळे, हे कसे कळणार? साठ वर्षांची वही बिघडली असती.

मूस साहेबांनी ट्रामला विरोध करत बसण्यापेक्षा जागा शोधली. कुलाब्यापासून समुद्रावरून सुमारे तीस किलोमीटरवर असलेले अलिबाग त्यांनी निवडले. (अलिबागच्या समुद्रात जो कुलाबा किल्ला आहे, तो वेगळा आणि मुंबईचा कुलाबा वेगळा. माझा आधी घोटाळा झाला होता.) इमारत बांधायला जवळचा काळा दगड चालेना, कारण त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. आपल्या लातूर जिल्ह्यातला काळा दगडही त्याच जातीचा. खोटे वाटत असेल तर ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवून पाहा, काळी भुकटी मिशीसारखी चिकटते. म्हणून पोरबंदरचा वाळूचा दगड तपासून घेतला. लोखंडाच्या जागी पितळ आणि तांबे वापरले. बिनलोखंडाची इमारत कशी उभी राहील, हे इंजिनिअरलाच सुचणार.

अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले. पण मूस साहेबांनी कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद केले नाही. १९०६ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, दोन्हीकडे मोजले! दोन जागांचे आकडे सारखे येत नाहीत. किती फरक येतो हे कळले, की जुन्या वहीला नवी वही जोडता येते. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचा चुंबक शांतपणे आपले काम करीत होता. आज ट्राम नाही, ती १९६४ साली बंद झाली. अलिबागची वेधशाळा मात्र चालू आहे.

१९१० साली मूस साहेबांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाड खंडांत छापल्या आणि त्यांचा अर्थही लावला. चुंबकीय वादळ आले की पृथ्वीचे चुंबकत्व आधी थोडे वाढते, मग खूप उतरते आणि नंतर सावकाश मूळपदावर येते, हे त्यात दाखवले आहे. इतके आकडे गणकयंत्राशिवाय मांडले. मला तर वर्षाच्या पावसाची बेरीज करताना तीनदा चुकते. मूस साहेब १९३६ साली वारले.

त्यांच्याच काळात कुलाब्याला भूकंपमापक यंत्रही बसले. ते यंत्र जपानमध्ये शिकवायला गेलेल्या मास्तरांनी सुधारले होते. त्यांतले जेम्स आल्फ्रेड युइंग हे स्कॉटलंडचेच, एडिंबरोलाच शिकलेले. जड लोलक टांगला की जमीन हलते, पण लोलक जागचा लवकर हलत नाही. त्या फरकाची रेघ कागदावर उमटते.

हे लिहीत होतो तेव्हा आजीने विचारले, "काय लिहलालास रं?" मी सांगितले. आजी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तिने पाहिली आहे. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. ती म्हणाली, "आमाला वाटलं लई येळ हाललं. किती वाजले ते कुणी बघितलं बाबा?" मी म्हणालो, यंत्राने बघितले, तीन वाजून छपन्न मिनिटे. आजी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माणसं किती गेली ते बी लिव्ह." सुमारे दहा हजार. लिहिले.

तर आता आपल्या पर्जन्यमापकाचे. जुना मी हलवलेला नाही. झेंड्याच्या खांबाकडे, मोकळ्या जागेत, दुसरा ठेवला आहे. तो सरळ कडांच्या बाटलीचा आहे, त्याच तोंडाचे नरसाळे लावून केला आहे. दोन्हींचे आकडे रोज लिहितो. पहिल्याच मोठ्या पावसाला लिंबाजवळ अकरा मिलिमीटर भरले आणि झेंड्याकडे चौदा! पाऊस तर एकच. मी नरसाळे पुसून पाहिले, पट्टी तपासली, चूक सापडली नाही. गुरुजी म्हणाले, वर बघ. अकरा वर्षांपूर्वी तो लिंब कमरेएवढा होता. आता त्याची फांदी थेट वर आली आहे.

म्हणजे मागच्या तीन-चार वर्षांचा पाऊस आपण कमी लिहिला काय? तो कितीने कमी, हे एका पावसावरून सांगता येणार नाही. दिवाळीपर्यंत दोन्ही मापे चालू ठेवणार आहे. लिंबाची फांदी तोपर्यंत कोणी तोडू नये, शेळ्यांसाठीसुद्धा नाही, अशी पालकांना विनंती आहे. आणि मी मामाच्या लग्नाला चाकूरला जाणार आहे, त्या चार दिवसांत साडेआठला कोण मोजणार त्याने माझ्याकडे नाव द्यावे.